चंदेरी विमानावर डेकल लावताना: फिल्म लपवण्याची माझी रीत

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रं, लावलेलं विमानाचं चंदेरी मॉडेल ट्यूबलाइटखाली धरून सावकाश फिरवलं की सगळं उघडं पडतं. राउंडेल या हवाई दलाच्या गोल खुणेभोवतीची पारदर्शक कड, आकड्यांच्या मधल्या जागेतली वेगळीच चकाकी, वाळलेल्या डिंकाची पिवळट रेघ, अंगठ्याचा ठसा. हिरव्या-करड्या कॅमफ्लाजवर यातलं निम्मंही दिसलं नसतं. त्यामुळे कॅमफ्लाजवर तयार झालेला हात चंदेरी मिगवर आला की हमखास फसतो.

माझाही फसला होता. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, नोकरीची शेवटची काही वर्षं पुण्यातल्या लोहगावला. माझं पहिलं चंदेरी मिग-२१ मी त्यांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते अगदी डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "अगं, हे चिकटवलंय का?" खऱ्या विमानावर राउंडेल रंगवलेला असतो. रंग संपतो तिथे धातू सुरू होतो, मध्ये काचेसारखा पट्टा नसतो. काकांना तो पट्टा दिसला होता. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे: काकांना चिकटवलेलं वाटता कामा नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, आणि ते विमान बनवावं असं अनेकांच्या मनात आलं असेल. त्यातलं जे रूप सगळ्यात देखणं, ते साठच्या दशकातलं उघड्या धातूचं एफएल. हे एफएल आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात परवान्याखाली बनत होतं. त्याआधीची तूफानी, मिस्टेअर, नॅट हीसुद्धा चंदेरीच. म्हणजे भारतीय हवाई दलाच्या पहिल्या जेट विमानांची मॉडेल करायची तर चंदेरी रंगावर डेकल लावायला शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

दोष नेमका कुठे असतो

पाण्यात सुटणाऱ्या डेकलचे थर आधी डोळ्यांसमोर आणा. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डेक्स्ट्रिनचा डिंक, त्यावर पारदर्शक वार्निशची फिल्म आणि फिल्मवर छापलेली शाई. कागद आपण फेकतो. फिल्म मॉडेलवर राहते. ही फिल्म ०.०२ मिमी जाडीची धरली, तर १/७२ प्रमाणात ती खऱ्या विमानावर जवळजवळ दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा होते. आता कळतं काकांना काय दिसलं ते.

दुसरा दोष सिल्व्हरिंगचा. फिल्मखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि तेवढा भाग दुधाळ दिसतो. पुष्कळांचा समज असतो की रंगच चंदेरी असल्यावर सिल्व्हरिंग दिसणार नाही. उलट होतं. धातूचा रंग प्रकाश एका दिशेने परावर्तित करतो, अडकलेली हवा तो चहूकडे विखुरते. चकचकीत ताटावर वाफेचा डाग पडावा तसा तो भाग निस्तेज दिसतो.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे आधी पूर्ण मॉडेलवर ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक वार्निश), मग डेकल, मग पुन्हा क्लिअर. मॅट रंगांसाठी हा उपाय अगदी बरोबर आहे, कारण मॅट रंगाचा पृष्ठभाग खरबरीत असतो आणि त्या खळग्यांत हवा अडकते. पण चांगल्या धातूरंगाचा पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत असतो. त्यावर क्लिअर फवारला की नुकसान वेगळंच होतं. या रंगांत ॲल्युमिनियमचे अतिशय पातळ पापुद्रे असतात, ते पृष्ठभागावर आडवे पसरून आरशासारखं काम करतात. वर वार्निशचा थर आला की ती धार जाते, खोली येते पण धातूपण हरवतं. अल्क्लॅड कंपनीचा पॉलिश्ड ॲल्युमिनियम हा रंग क्लिअरखाली गेला की साधा चंदेरी रंग होतो. म्हणून मी म्हणते: धातूरंगावर ग्लॉस ही सवयीने करायची गोष्ट नव्हे. तो लागतो की नाही, हे त्या विशिष्ट रंगावर आणि त्या विशिष्ट विमानावर ठरवायचं.

आधी विमान ठरवा

सगळी चंदेरी विमानं उघड्या धातूची नसतात. व्हॅम्पायरसारख्या विमानांवर ॲल्युमिनियमचा रंग दिलेला असे. तो एकसारखा, थोडा साटीनसारखा दिसतो, पत्र्यापत्र्यांत छटांचा फरक नसतो. असं विमान करताय तर निम्मी चिंता मिटली. त्यावर खुशाल पातळ ग्लॉस द्या, डेकल लावा, वरून साटीन क्लिअर फवारा. खऱ्या विमानाचं रूपही तसंच होतं.

उघड्या धातूचं विमान असेल तर तुमच्या नेमक्या विमानाचा आणि नेमक्या वर्षाचा फोटो मिळवा. १९७१ च्या युद्धाच्या वेळी काही एफएल उघड्या धातूत होती, तर काहींवर घाईघाईने हिरवा रंग मारला होता. डेकलच्या पानावर दोन्ही तऱ्हांचे क्रमांक एकत्र छापलेले असू शकतात. फिन फ्लॅशची (शेपटीवरच्या तिरंगी पट्ट्यांची) दिशा, क्रमांकाची उंची, राउंडेल पंखाच्या कडेपासून किती अंतरावर, हे सगळं फोटोवरून कागदावर मांडून घ्या. चंदेरी रंगावर डेकल उचलून पुन्हा लावणं महागात पडतं, जागा आधीच पक्की हवी.

चमच्यांची परीक्षा

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

प्लॅस्टिकचे वापरून फेकायचे दहा-बारा चमचे घ्या, वाढदिवसाच्या केकबरोबर येतात तसे. चमच्याच्या फुगीर बाजूवर मॉडेलवर कराल तेच सगळं करा: तोच प्रायमर, तीच काळी ग्लॉस बेस, तोच धातूरंग, तेवढाच वाळण्याचा वेळ. एकावर काहीच क्लिअर नाही. एकावर पाण्यातलं ग्लॉस, उदाहरणार्थ अल्क्लॅडचं ॲक्वा ग्लॉस. एकावर तामिया एक्स-२२ लॅकर थिनरमध्ये पातळ करून. मग डेकलच्या पानावरचे नको असलेले तुकडे प्रत्येकावर लावा. कंपनीचा लोगो, दुसऱ्या देशाचे आकडे, काहीही चालतं. प्रत्येक चमच्याच्या दांडीवर मार्करने काय वापरलं ते लिहा.

मग उरलेल्या चमच्यांवर डेकलशिवाय नुसते सेटर (डेकल बसवायचं द्रव) आणि सॉफ्टनरचे (डेकल मऊ करणारं द्रव) थेंब टाका, दहा मिनिटं राहू द्या, पुसा, आणि उजेडात पाहा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच थेंबांनी. काही धातूरंग सौम्य सेटरनेही डागतात. ॲक्रिलिकचे धातूरंग, जसे व्हायेहो मेटल कलर, नीट वाळले नसतील तर तीव्र सॉफ्टनर त्यांवर ओघळाचा डाग सोडतो. लॅकरचे रंग, जसे अल्क्लॅड किंवा मिस्टर कलरचे सुपर मेटॅलिक, जास्त सोसतात. कापडाने घासून चमकवायचे मिस्टर मेटल कलर हाताळल्याने निघतात, त्यांच्यावर थेट डेकल लावणं मी टाळते. पण माझा निकाल तुमच्यावर लादत नाही. थिनरचं प्रमाण, हवा, थराची जाडी या सगळ्यांनी फरक पडतो. तुमचा चमचा सांगेल ते खरं.

इथेच डेकलची अपारदर्शकताही कळते. पांढरी शाई पातळ असेल तर चंदेरीवर करडी दिसते, केशरी विटकरी दिसतो. आपल्या राउंडेलच्या मध्यभागीच केशरी असल्यामुळे हे लगेच डोळ्यांत भरतं. तसं झालं तर पांढऱ्या डेकल शीटमधून राउंडेलपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान चकती कापून ती आधी लावा, पूर्ण वाळली की तिच्यावर राउंडेल. थोडी जाडी वाढते, पण रंग जिवंत राहतो.

पृष्ठभाग

धातूरंगाखालचं प्लॅस्टिक जसं, तसाच वरचा धातू. प्रायमरवर २००० ग्रिटचा ओला पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. चकचकीत छटांसाठी काळी ग्लॉस बेस द्या आणि ती निदान दोन दिवस वाळू द्या. नंतर धातूरंग पातळ थरांत. हा रंग चोवीस तासांत हाताला कोरडा लागतो, पण डेकलच्या रसायनांना तोंड देण्याइतका पक्का व्हायला मी चार-पाच दिवस देते.

पुण्यातली हवा यात फार लुडबुड करते. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत लॅकर फवारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून पावसाळ्यात मी लॅकर क्लिअरला हातच लावत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उलट त्रास: रंग मॉडेलवर पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेवढं थांबता येत नसेल तर उन्हाळ्यात पहाटे आणि पावसाळ्यात उघडीप पडेल त्या दिवशी काम करा. आणखी एक: हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर फक्त एअरब्रश धुवायला. मॉडेलवर जाणाऱ्या क्लिअरमध्ये ते मिसळू नका, खालचा रंगही उठतो आणि प्लॅस्टिकही वितळतं.

धातूरंग लावल्यानंतर मॉडेलला उघड्या हाताने शिवायचं नाही. सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. बोटांचा तेलकटपणा डेकलखाली राहिला की तिथे डिंक धरत नाही.

कापणं

माझा निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो, आणि जावाच. फिल्म दिसू नये याचा खात्रीचा उपाय म्हणजे ती ठेवायचीच नाही.

काच किंवा गुळगुळीत टाइल घ्या. कटिंग मॅटच्या खळग्यांमुळे ब्लेड फिल्म ओढतं. ब्लेड कोरं करकरीत हवं, अकरा नंबरचं, आणि एका पानाला एक ब्लेड हा खर्च करायचाच. राउंडेल कापताना पट्टी उपयोगी नाही. ब्लेड तिथल्या तिथे ठेवून कागद डाव्या हाताने फिरवायचा, छोट्या छोट्या स्पर्शरेषांनी. हिरव्या कडेपासून अंतर ठेवायचं नाही, थेट शाईच्या काठावर कापायचं. केसभर हिरवा रंग कापला गेला तर जगात कुणालाही कळत नाही. केसभर फिल्म राहिली तर काकांना कळते.

क्रमांकाचं डेकल सहसा एका लांब फिल्मवर येतं. सी आणि पुढचे आकडे. हे सरळ एकत्र लावलं की आकड्यांच्या मधली फिल्म चंदेरीवर खिडकीच्या काचेसारखी चमकते. प्रत्येक आकडा वेगळा कापा. भीती वाटते ती ओळ वाकडी जाण्याची. त्यासाठी मॉडेलवर आकड्यांच्या खालच्या रेषेवर मास्किंग टेपची पातळ पट्टी लावा. लावण्याआधी ती तीन-चार वेळा मनगटावर चिकटवून काढा, म्हणजे तिची पकड कमी होते आणि धातूरंग सोबत निघत नाही. आकडा त्या पट्टीला टेकवायचा आणि शेजारच्या आकड्यापासूनचं अंतर मूळ पानाची झेरॉक्स बाजूला ठेवून जुळवायचं. म्हणून कापण्याआधी पानाची झेरॉक्स किंवा मोबाईलवर फोटो काढून ठेवायलाच हवा. शून्य, सहा, आठ यांच्या पोटातली फिल्म १/७२ मध्ये मी सोडून देते. १/४८ मध्ये ब्लेडच्या टोकाने ती काढता येते.

वाहतूक विमानांवरच्या देवनागरी अक्षरांची गोष्ट मात्र निराळी. 'भारतीय वायु सेना' या शब्दांना शिरोरेखा आहे, अक्षरं सुटी करायची तर शिरोरेखाच तुटते. इथे शब्द अखंड ठेवायचा आणि शिरोरेखेच्या वरची सगळी फिल्म काठोकाठ कापायची. वेलांटी-मात्रा वर येतात तिथे त्यांच्या भोवतीने ब्लेड वळवायचं. खाली अक्षरांच्या पायांच्या मधली जागा शक्य तेवढी खाचवून घ्यायची. डोळ्याला आडवी लांब कड सगळ्यात आधी दिसते, आणि वरची कड आपल्या लिपीने आपोआप झाकलेली असते. रोमन अक्षरांना ही सोय नाही.

बारीक सूचनांचे स्टेन्सिल मिगवर ढिगाने असतात. ते सगळे लावलेच पाहिजेत असं मला वाटत नाही. ज्याची अक्षरं भिंगाशिवाय वाचता येत नाहीत आणि ज्याची फिल्म मात्र सहज दिसते, ते स्टेन्सिल मी गाळते. लाल त्रिकोण, पट्ट्या, धोक्याच्या खुणा ठेवते.

जुन्या किटचं डेकल असेल तर आधी एक निरुपयोगी तुकडा पाण्यात टाकून पाहा. त्याचे तुकडे झाले तर पूर्ण पानावर मायक्रोस्केलचं लिक्विड डेकल फिल्म लावावं लागेल. फिल्म पिवळी पडली असेल तर पान प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा. पुण्याचं मार्च-एप्रिलचं ऊन आठ-पंधरा दिवसांत बराच पिवळेपणा उडवतं.

एडुआर्डच्या अलीकडच्या काही डेकलची वरची फिल्म लावल्यानंतर सोलून काढता येते, शाई तेवढी मॉडेलवर राहते. वाचायला हे स्वप्नवत वाटतं, आणि पक्क्या लॅकरवर जमलं तर खरोखर सुंदर दिसतं. पण सोलताना खालचा धातूरंग ओढला जाऊ शकतो. आधी चमचा.

पाणी

आम्ही वाघोलीला राहायला गेलो त्या वर्षी मी एक मिस्टेअर पूर्ण केलं. डेकल छान बसली, रात्री झोपले, सकाळी पाहिलं तर पंखांवर पांढुरकी वर्तुळं. पुसली तरी जाईनात. टँकरचं, म्हणजे बोअरचं पाणी. त्यातला क्षार पाणी उडाल्यावर चंदेरीवर बसला होता. आईकडे सदाशिव पेठेत खडकवासल्याच्या नळाच्या पाण्याने असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे पाण्याकडे लक्ष द्यायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. ते मिस्टेअर मला पुन्हा रंगवावं लागलं, आणि त्या डेकलची दुसरी प्रत मिळायला बरेच महिने गेले.

आता मी फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरते. गाड्यांच्या बॅटरीत घालायला गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर मिळतं तेच. मागताना डिस्टिल्ड वॉटर असंच स्पष्ट सांगा, बॅटरीचं ॲसिड वेगळं असतं. ते नसेल तर आरओचं पाणी चालेल. पाणी कोमट हवं, बाळाच्या आंघोळीच्या पाण्याइतकं.

बसवणं

डेकल चिमट्याने धरून पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढा आणि टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यात तरंगत सोडू नका, डिंक धुऊन जातो. कागदावर डेकल बोटाने हलकेच ढकलून सरकतंय का ते पाहा. सरकलं की तयार.

मॉडेलवर त्या जागी ब्रशने सेटर लावा. मायक्रोसेटला व्हिनेगरचा वास येतो, कारण त्यात ॲसेटिक ॲसिड असतं. मिस्टर मार्क सेटरमध्ये चिकटपणाही असतो, आणि क्लिअर न दिलेल्या धातूरंगावर मला तो जास्त आवडतो. सेटर डेकलच्या आकाराएवढाच लावायचा, तळं करायचं नाही. कागद जागेजवळ टेकवा आणि ओल्या ब्रशने डेकल कागदावरून मॉडेलवर सरकवा. जागा पक्की झाली की ओलसर कापूसकाडी मधून बाहेरच्या दिशेने लोळवा. घासायची नाही, पोळी लाटताना लाटणं फिरतं तशी फिरवायची. कडेला आलेलं पाणी लगेच टिश्यूच्या टोकाने टिपा. त्या पाण्यात विरघळलेला डिंक असतो, आणि तोच वाळून पिवळी रेघ होतो.

पृष्ठभाग हवा तितका गुळगुळीत झाला नसेल आणि पूर्ण मॉडेलवर क्लिअर नको असेल, तर एक मधला मार्ग आहे. डेकलच्या जागी ॲक्वा ग्लॉसचा एक पातळ हात ब्रशने द्या, आणि तो ओला असतानाच त्यावर डेकल सरकवा. क्लिअर डेकलखालचे खळगे भरतो, हवेला जागाच राहत नाही. कापूसकाडीने दाबून बाहेर आलेला क्लिअर ओल्या काडीने लगेच पुसायचा. वेळ जेमतेम मिनिटभराचा असतो, म्हणून छोट्या डेकलपासून सुरुवात करा.

उन्हाळ्यात पंखा बंद ठेवा. सेटर दोन मिनिटांत उडतो आणि डेकल अर्ध्या वाटेत अडकतं. अडकलं तर ओढू नका, बाजूने डिस्टिल्ड वॉटरचा थेंब सोडून थांबा.

सॉफ्टनर, थोडा आणि उशिरा

डेकल बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा), रिव्हेट आणि कुबडांवर तेवढाच सॉफ्टनर. मायक्रोसोल सौम्य आहे, मिस्टर मार्क सॉफ्टर थोडा जास्त कडक, सॉल्व्हासेट आणि तामियाच्या मार्क फिटचे कडक प्रकार चंदेरीवर शेवटचा उपाय. बारीक ब्रश, एक फेरी. डेकलबाहेर धातूवर गेलेला थेंब तत्काळ टिपायचा. डेकल सुरकुतलं तर हात मागे घ्या, वाळताना ते आपोआप सरळ होतं. त्या क्षणी बोट लावलं तर फाटलंच.

पंखाच्या बुडाशी, जिथे पत्रा वळतो, तिथे डेकल ताणलेलं राहतं. वाळल्यावर पॅनेल लाइनवर ब्लेडने बारीक चीर द्या आणि पुन्हा एक थेंब. खऱ्या विमानावरही रंग पॅनेल लाइनच्या आत गेलेला असतो.

रात्रभर वाळू द्या, पावसाळ्यात दोन रात्री. मग तिरक्या उजेडात तपासा. दुधाळ ठिपका दिसला तर बारीक सुईने त्याला दोन-तीन टोचे मारा, वर मायक्रोसोलचा थेंब, पुन्हा वाळू द्या. तीन फेऱ्यांत गेला नाही तर डेकल काढून नवं लावणं बरं. काढायला तेवढ्याच भागावर मास्किंग टेप हळू दाबून उचलायची, पण हे फक्त पक्क्या लॅकरवर.

सगळं ठीक वाटलं की डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या मऊ सुती कापडाने, जुन्या धुतलेल्या मलमलच्या तुकड्याने, मॉडेल पुसा. लगेच कोरड्या तुकड्याने पुन्हा. डिंकाचे अवशेष इथेच निघायला हवेत, पुढे ते पक्के होतात.

मोठे राउंडेल रंगवा

मोठ्या प्रमाणाच्या मॉडेलवर, १/३२ किंवा १/४८ वर, पंखावरचे राउंडेल मी आता डेकलचे लावतच नाही. सर्कल कटरने मास्किंग टेपच्या चकत्या कापते आणि आधी पूर्ण वर्तुळाच्या जागी पांढरा फवारते. मग बाहेरचं कडं उघडं ठेवून हिरवा, मग मधलं उघडून केशरी. रंगाचे थर अगदी पातळ, टेप काढताना ती स्वतःवर दुमडत, सपाट कोनात ओढायची. काठ तीक्ष्ण येतो, फिल्म नसतेच. तीन रंग, तीन मास्क, चार संध्याकाळी. क्रमांक आणि स्टेन्सिल मग डेकलचे, आणि त्यांच्यावर नजर जात नाही, कारण ती राउंडेलवर खिळलेली असते.

शेवटचा थर आणि वॉश

उघड्या धातूच्या विमानावर मी शेवटचा पूर्ण क्लिअर देत नाही. डेकलच्या काठांवर फक्त बारीक ब्रशने पातळ ॲक्वा ग्लॉसची रेघ फिरवते, काठ सील होतो. डेकल आजूबाजूपेक्षा जास्त चमकत असेल तर तेवढ्याच जागी, कागदाचा मास्क थोडा उचलून धरून, साटीनचा एक हलका फवारा. खऱ्या विमानावरही रंगवलेली खूण आणि धातू यांची चमक वेगळी असते, तेव्हा दोन्ही एकसारखे करण्याच्या मागे लागू नका.

पॅनेल लाइनचा वॉश, म्हणजे त्या रेषांत भरायचा अगदी पातळ रंग, डेकलच्या काठांवर सील बसल्यानंतरच, नाहीतर थिनर फिल्मखाली शिरतो आणि डेकल काठाने उचकटतं. तेलरंगाचा वॉश करत असाल तर इनॅमलवर आधारलेल्या धातूरंगांवर, उदाहरणार्थ एके एक्स्ट्रीम मेटल, थिनर फार वेळ राहू देऊ नका. उरलेले चमचे याच वेळी कामाला येतात. करडा वॉश चंदेरीवर काळ्यापेक्षा जास्त खरा दिसतो. काळा वॉश पॅनेल लाइन शाईने आखल्यासारखी दाखवतो.

मॉडेल कपाटात ठेवताना सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, जून ते सप्टेंबर त्या बदलत राहा. धूळ मऊ मेकअप ब्रशनेच झटकायची, आणि पंखावर झटकताना ब्रश डेकलच्या काठाकडून आत न नेता आतून बाहेर न्यायचा.